द्विधाव नौका-एंजिनांचे वंगणतेल

द्विधाव नौका-एंजिनांचे वंगणतेल : लहान नौकेच्या मागील टोकाला बाहेरून अडकविलेल्या व पेट्रोल अथवा रॉकेल यांवर चालणाऱ्या द्विधाव एंजिनात इंधनाबरोबर मिसळून वापरावयाचे तेल. अशा एंजिनास किनाऱ्यावरील व्यवहारात ‘आउटबोर्ड’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. एंजिन, त्याखालील उभा दंड, दंतचक्रांची पेटी व मळसूत्री पंखा हे सर्व भाग मिळून एकच संच झालेला असतो. तो उचलून नौकेवर चढविता व उतरविता येतो आणि उथळ पाण्यात वर उचलून धरता येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर देवगड, आचरा, सर्जेकोट, मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती व वेंगुर्ले येथील लहान मासेमारी होड्यांवर, तसेच पर्यटकांना नेणाऱ्या नौकांवर अशी एंजिने वापरली जातात. मोठ्या यांत्रिक नौकांत (ट्रॉलरांत) आतील बाजूस बसविलेली डीझेल एंजिने असतात. त्यांचे वंगण वेगळ्या प्रकारचे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पार्श्वभूमी : द्विधाव एंजिनाची कल्पना स्कॉटिश अभियंते ड्युगल्ड क्लर्क यांनी १८७८ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्यांनी १८९१ च्या सुमारास तिला साधे रूप दिले. त्यांच्या रचनेत भुजादंडाची बंद पेटी हीच पंपाचे काम करते, त्यामुळे वेगळ्या झडपांची यंत्रणा लागत नाही. लहान नौका-एंजिनांत हीच रचना रूढ झाली. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन संशोधक ओल एव्हिनरूड यांनी १९०९ पासून नौकेच्या बाहेर लावावयाची एंजिने बाजारात आणली. जपानमधील यामाहा कंपनीने १९६० मध्ये व सुझुकी कंपनीने १९६५ मध्ये या क्षेत्रात प्रवेश केला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पारंपरिक होड्यांना अशी एंजिने लावण्याची चाल मुख्यत्वेकरून १९८० नंतरच्या दशकात पसरली. तत्पूर्वी दक्षिण कोकणातील उलांडीची होडी वल्ही व शीड यांवरच चालत असे. भल्या पहाटे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावयाचे व दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतावयाचे, हा तिचा क्रम होता. एंजिनामुळे वाऱ्याचे हे बंधन सुटले. मात्र खोल समुद्रात एंजिन अडकून बंद पडल्यास व होडीत शीड नसल्यास तोच मतलई वारा होडीला किनाऱ्यापासून दूर नेतो. त्यामुळे तेलाची निवड व मिश्रण ही बाब खर्चाइतकीच जीविताच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

वंगणक्रियेचे स्वरूप : मोटारगाडीच्या चतुर्धाव एंजिनात भुजादंडाच्या पेटीत तेलाचा साठा असतो व पंपाच्या साहाय्याने तेच तेल पुनःपुन्हा फिरविले जाते. द्विधाव एंजिनात ही पेटी इंधन व हवा यांच्या मिश्रणाला वाट देण्यासाठी वापरली जात असल्याने तीत तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल इंधनातच मिसळतात. कार्ब्युरेटरमधून आलेले मिश्रण गरम पेटीत शिरले की पेट्रोलची वाफ होते. जड असलेले तेल मात्र सूक्ष्म थेंबांच्या रूपात मागे राहून भुजादंडाचे धारवे, संयोगदांड्याची दोन्ही टोके, दट्ट्या व सिलिंडराची भिंत यांवर पातळ थर धरते. हे थेंब पुढे ज्वलनकक्षात जाऊन इंधनाबरोबर जळतात किंवा न जळता निष्कास वायूंबरोबर बाहेर पडतात. याचा अर्थ असा की, येथे तेल एकदाच उपयोगी पडते व त्याचा पुरवठा क्षणोक्षणी नव्याने व्हावा लागतो.

पूर्ण वेगात लहान एंजिनाचा भुजादंड मिनिटास सु. ५,००० फेरे करतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरात सेकंदास सु. ८३ वेळा स्फोट होतो. तेलाचा थर काही सेकंदच तुटला तरी दट्ट्याचे ॲल्युमिनियम सिलिंडराच्या भिंतीवर घासून ओरखडे पडतात, उष्णता वाढते, दट्ट्या प्रसरण पावतो व अखेरीस जागीच रुतून बसतो. यालाच एंजिन ‘जाम होणे’ म्हणतात.

नौका-एंजिनाच्या विशेष गरजा : स्कूटरचे द्विधाव एंजिन वाऱ्याने थंड होते, तर नौका-एंजिन समुद्राचे पाणी आत ओढून थंड केले जाते. यामुळे दोहोंच्या तेलांत मूलभूत फरक पडतो. वाऱ्याने थंड होणाऱ्या एंजिनाच्या भिंती अतिशय तापतात. तेथे काजळी धुऊन काढण्यासाठी कॅल्शियमासारख्या धातूंची संयुगे तेलात घालतात. ती जळाल्यावर थोडी राख उरते. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे तापमान बरेच कमी असते, परंतु ते तासन्‌तास जवळजवळ पूर्ण भारावर चालते. जाळे टाकताना किंवा गळ सोडताना तेच एंजिन बराच वेळ अगदी मंद गतीने चालवावे लागते. अशा परिस्थितीत धातुयुक्त तेलाची राख ठिणगी-गुडदीच्या टोकांमध्ये साचून ठिणगी बंद पाडते किंवा दट्ट्याच्या माथ्यावर तापून लाल होते व इंधन वेळेआधीच पेटविते. अकाली प्रज्वलनाने दट्ट्याच्या माथ्याला भोकही पडू शकते. म्हणून नौका-एंजिनाच्या तेलात राख न सोडणारी, नायट्रोजनयुक्त कार्बनी निर्मलके वापरतात.

यांशिवाय आणखी तीन गुण आवश्यक असतात. (१) तेल इंधनात सहज व कायम मिसळले पाहिजे. यासाठी त्यात पातळ विद्रावक घातलेला असतो. (२) समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेत पोलादी धारव्यांवर गंज चढू नये यासाठी त्यात गंजरोधक द्रव्य असावे लागते. (३) पाण्याचा अंश मिसळल्यास किंवा दुसऱ्या तेलाशी संबंध आल्यास त्याचा चिकट गोळा होऊन गाळणी तुंबता कामा नये.

प्रकार व मानके : पाण्याने थंड होणाऱ्या द्विधाव एंजिनांच्या तेलासाठी अमेरिकेतील नौका-उत्पादकांच्या संघटनेने ‘टीसी-डब्ल्यू’ हे मानक ठरविले. पुढे त्यात सुधारणा होत जाऊन १९९० नंतरच्या दशकात ‘टीसी-डब्ल्यू ३’ हे मानक आले व आजही तेच प्रचलित आहे. यातील शेवटचे अक्षर पाण्याने थंड होणारे एंजिन दर्शविते. या मानकाखाली तेलाची वंगणक्षमता, दट्ट्याच्या कड्या चिकटण्याचे प्रमाण, गंजरोध, मिश्रणक्षमता व गाळणी तुंबण्याची प्रवृत्ती या सर्वांची चाचणी घेतली जाते.

स्कूटर व मोटारसायकल यांच्या तेलांसाठी जपानी ‘जासो’ मानकातील एफबी, एफसी व एफडी आणि त्यांस समांतर असे आंतरराष्ट्रीय ईजीबी, ईजीसी व ईजीडी हे वर्ग आहेत. यांत पुढचा वर्ग हा अधिक स्वच्छ व कमी धूर सोडणाऱ्या तेलाचा निदर्शक आहे. तथापि हे वर्ग प्रामुख्याने वाऱ्याने थंड होणाऱ्या एंजिनांसाठी आहेत. स्कूटरच्या दृष्टीने उत्तम ठरलेले एफडी वर्गाचे तेल नौका-एंजिनास अधिक चांगले असलेच पाहिजे असे नाही. डब्यावर दोन्ही मानकांचा उल्लेख असल्यास ते चालते. एकाचाच उल्लेख असल्यास नौकेसाठी टीसी-डब्ल्यू ३ हेच ग्राह्य धरावे.

चतुर्धाव एंजिनाचे तेल (उदा., मोटारगाडीचे किंवा डीझेल एंजिनाचे) इंधनात मिसळून वापरणे सर्वथा अयोग्य होय. त्यात जस्त व कॅल्शियम यांची संयुगे आणि श्यानता (दाटपणा) टिकविणारी बहुवारिके असतात. ती नीट जळत नाहीत व त्यांचा जाड थर दट्ट्याच्या कड्यांच्या खाचांत साचतो. ट्रॉलरच्या एंजिनातून काढलेले काळे तेल गाळून वापरणे त्याहून घातक ठरते, कारण त्यात धातूचा कीस, काजळी व आम्ले असतात. खोबरेल, एरंडेल इ. वनस्पतिज तेलेही कामाची नाहीत. एरंडेल पूर्वी शर्यतीच्या एंजिनांत वापरीत असत हे खरे, परंतु ते पेट्रोलात चांगले मिसळत नाही व त्याची डिंकासारखी पुटे चढतात.

आधारभूत द्रवावरून तेलांचे खनिज, अर्धसंश्लिष्ट व संश्लिष्ट असे तीन प्रकार पडतात. संश्लिष्ट तेलाने धूर व काजळी कमी होते. मात्र ते वापरले म्हणून मिश्रणाचे प्रमाण आपल्या मनाने कमी करता येत नाही. एस्टर या संयुगांपासून बनविलेली काही तेले जीवाणूंकडून लवकर विघटित होतात व सरोवरे, खाड्या यांसाठी ती इष्ट मानली जातात.

तेलाचा निळा, हिरवा वा तांबडा रंग हा केवळ रंगद्रव्याचा असतो व त्यावरून गुणवत्ता ठरत नाही. त्याचा उपयोग एवढाच की, पेट्रोलात तेल घातले आहे किंवा नाही हे पाहताक्षणी कळते. सुट्या तेलात भेसळीचा धोका असतो. दिल्लीत १९९८ च्या अखेरीस दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठीच्या सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, तिचे एक कारण हेच होते. समुद्रावर जाणाऱ्याने तर मोहोरबंद डब्यातीलच तेल घेणे हिताचे ठरते.

मिश्रणाचे प्रमाण : प्रमाण हे इंधन व तेल यांच्या घनफळांचे गुणोत्तर असते. ५०:१ म्हणजे पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, अर्थात दर लिटरला २० मिलि. विसाव्या शतकाच्या मध्यास साधे खनिज तेल वापरीत असत व प्रमाण २४:१ च्या आसपास असे. सुधारित तेले व सुयांसारख्या बारीक रुळांचे धारवे यांमुळे पुढे ५०:१ हे प्रमाण सर्वमान्य झाले. १९८० नंतरच्या दशकात काही उत्पादकांनी १००:१ पर्यंत मजल मारली, परंतु जड कामासाठी बहुतेकांनी ५०:१ वरच राहणे पसंत केले. एंजिनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण हेच अखेरचे प्रमाण मानावे. नवीन एंजिन किंवा नवा दट्ट्या बसविलेले एंजिन यांसाठी पहिले सु. दहा तास बहुधा दुप्पट तेल (२५:१) सांगितलेले असते व या काळात एंजिन पूर्ण वेगाने सतत चालवावयाचे नसते.

निरनिराळ्या मापांसाठी लागणारे तेल पुढीलप्रमाणे होय.

५ लि. पेट्रोल : १००:१ ला ५० मिलि.; ५०:१ ला १०० मिलि.; २५:१ ला २०० मिलि.
१० लि. पेट्रोल : १००:१ ला १०० मिलि.; ५०:१ ला २०० मिलि.; २५:१ ला ४०० मिलि.
२० लि. पेट्रोल : १००:१ ला २०० मिलि.; ५०:१ ला ४०० मिलि.; २५:१ ला ८०० मिलि.
२४ लि. पेट्रोल : १००:१ ला २४० मिलि.; ५०:१ ला ४८० मिलि.; २५:१ ला ९६० मिलि.

पंधरा अश्वशक्तीचे द्विधाव एंजिन पूर्ण वेगात तासाला सु. ६ ते ७ लि. पेट्रोल घेते. म्हणजे ५०:१ या प्रमाणात तासाला सु. १२० ते १४० मिलि. तेल लागते. त्यात निम्मी काटकसर केली तरी तासाला साठ-सत्तर मिलि. एवढेच तेल वाचते. उलटपक्षी दट्ट्या व सिलिंडर बदलण्याचा खर्च आणि हंगामातील बुडालेले दिवस यांचा भार कित्येक महिन्यांच्या तेलखर्चाहून अधिक होतो.

‘तेल थोडे जास्त झाले तर एंजिनाचे भलेच होईल’ असा एक समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. तेल जास्त झाल्यास धूर वाढतो, ठिणगी-गुडदी ओली होऊन एंजिन सुरू होण्यास त्रास देते, निष्कास मार्गात काजळी साचते व कड्या खाचांत चिकटतात. शिवाय तेलाने पेट्रोलची जागा घेतल्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल किंचित कमी पडते व एंजिन अधिक तापते. तरीसुद्धा तेल कमी होण्यापेक्षा थोडे जास्त होण्याने होणारे नुकसान सावकाश होते व ते दुरुस्त करता येते, हा फरक लक्षात घ्यावा.

मिश्रण करण्याची रीत : पेट्रोलापेक्षा तेल जड असते. टाकीत पेट्रोल भरून वरून तेल ओतले व ते ढवळले नाही, तर तेल तळाशी बसते आणि चोषण-नळीचे तोंडही तळाशीच असते. परिणामी प्रथम भरमसाट तेल जाऊन धूर होतो व पुढे नुसते पेट्रोल जाऊन एंजिन कोरडे पडते. म्हणून पुढील क्रम पाळतात. (१) टाकी नौकेतून उतरवून किनाऱ्यावर सपाट जागी ठेवावी. जवळपास बिडी, चूल किंवा चालू एंजिन नसावे. (२) सुमारे निम्मे पेट्रोल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून टाकीत घालावे. (३) ठरलेले तेल खुणा असलेल्या मापाने मोजून घालावे. डब्याचे टोपण किंवा अंदाजे धार ही मापे विश्वसनीय नाहीत. (४) झाकण लावून टाकी चांगली हलवावी. (५) उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावी. टाकी काही दिवस पडून राहिली असल्यास वापरण्यापूर्वी ती परत एकदा हलवावी. प्रत्येक टाकीवर प्रमाण व मिश्रणाचा दिवस लिहून ठेवण्याची सवय चांगली. एकाच होडीवर चतुर्धाव व द्विधाव अशी दोन्ही एंजिने असल्यास नुसत्या पेट्रोलची टाकी चुकून द्विधाव एंजिनास जोडली जाण्याचा धोका असतो. यासाठी टाक्यांना भिन्न रंग द्यावेत.

काही मोठ्या एंजिनांत तेलाची वेगळी टाकी व तेल-अंतःक्षेपण पंप असतो. मंद गतीत तो अत्यल्प व पूर्ण गतीत अधिक तेल सोडतो. यामुळे तेलाची बचत होते. परंतु पंप बिघडल्यास किंवा तेलाच्या नळीत हवा शिरल्यास एंजिन कोरडे पडते. म्हणून त्यातील धोकासूचक भोंगा चालू स्थितीत आहे याची खात्री वेळोवेळी करून घेतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर गेले आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले. नौका-एंजिनांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. इथेनॉल हवेतील बाष्प व टाकीत शिरलेले पाणी शोषून घेते. पाण्याचा अंश एका मर्यादेपलीकडे गेला की, इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून अलग होऊन तळाशी वेगळा थर करतात. दहा टक्के मिश्रणात ही मर्यादा सु. अर्धा टक्का पाणी एवढीच असते. इथेनॉल जास्त असल्यास मर्यादा थोडी वाढते, पण थर पडल्यास तळाशी जाणारा द्रवही जास्त असतो. वंगणतेल मुख्यतः वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. चोषण-नळी मात्र तळाचा, म्हणजे जवळजवळ तेलविरहित असा थर ओढते. मिश्रण अचूक केलेले असतानाही एंजिन जाम होण्याचे हे एक कारण होय.

यावर उपाय म्हणजे एक-दोन फेऱ्यांना पुरेल एवढेच मिश्रण करावे, टाकीचे झाकण व हवेचा स्क्रू काम संपताच बंद करावा, टाकी शक्य तो भरलेली ठेवावी, पाणी अलग करणारी गाळणी बसवावी आणि पावसात किंवा लाटेच्या शिंतोड्यांत टाकी उघडू नये. पारदर्शक बाटलीत तळाचे थोडे मिश्रण काढून पाहिल्यास थर पडला आहे किंवा नाही हे समजते. थर पडलेले इंधन हलवून पूर्ववत होत नाही. ते एंजिनासाठी वापरू नये. तसेच जुन्या एंजिनांतील रबरी नळ्या व पडदे इथेनॉलाने फुगतात किंवा ठिसूळ होतात. अनेक उत्पादकांनी आपल्या एंजिनांसाठी १० टक्क्यांची मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणून पुस्तिका पाहून नळ्या वेळच्या वेळी बदलणे अगत्याचे आहे.

रॉकेलवरील एंजिने : भारताच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी द्विधाव एंजिनेही आढळतात. त्यांत दाबाचे गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवलेले असते. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेतात व बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवितात. यामुळे कार्ब्युरेटर व पेटी यांत रॉकेल उरत नाही. रॉकेल सावकाश बाष्पीभवन पावत असल्याने भुजादंडाच्या पेटीतील तेलाचा थर पातळ होतो व काजळीही अधिक धरते. म्हणून त्यांच्या पुस्तिकेतील प्रमाण कटाक्षाने पाळतात. सुरुवातीच्या पेट्रोलमध्येही तेल मिसळलेले असावे लागते. केवळ पेट्रोलसाठी बनविलेल्या एंजिनात रॉकेलची भेसळ केल्यास ठोके बसून दट्ट्याचा माथा खराब होतो.

दोषांची लक्षणे : ठिणगी-गुडदी काढून पाहिल्यास एंजिनाच्या स्थितीचा बराच बोध होतो. टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य समजावे. काळे व ओले असल्यास तेल किंवा पेट्रोल जास्त होत आहे. पांढरे व कोरडे असल्यास एंजिन अतिशय तापत आहे. मात्र जाम झालेल्या प्रत्येक एंजिनाचा दोष तेलावर टाकणे बरोबर नाही. कर्ली नदीच्या मुखासारख्या रेतीच्या उथळ भागात आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर वाळू शिरून पाण्याच्या पंपाची रबरी पाती झिजतात. प्लॅस्टिकची पिशवी चोषण-छिद्रांवर बसल्यासही पाणी बंद होते. म्हणून एंजिनाच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर सतत लक्ष ठेवावे.

चालता चालता वेग आपोआप उतरू लागला, आवाज बदलला किंवा रंग करपल्याचा वास आला, तर एंजिन तत्काळ बंद करावे. त्यावर समुद्राचे पाणी ओतू नये, कारण त्यामुळे सिलिंडरास तडा जाण्याची भीती असते. ते सावकाश निवू द्यावे, गुडदीच्या छिद्रातून चमचाभर वंगणतेल सोडावे व दोरीने हळूहळू फिरवून पाहावे. एंजिन मोकळे झाल्यास थंड पाण्याची धार येते आहे याची खात्री करून मंद गतीने परतावे. समुद्रात टीसी-डब्ल्यू ३ तेल संपले असेल, तर केवळ किनारा गाठण्यापुरते स्कूटरचे द्विधाव तेल वापरता येईल. तेल नसलेले पेट्रोल मात्र कधीही वापरू नये. होडीत वल्ही व शक्य तर छोटे शीड ठेवणे हा जुना शिरस्ता आजही मोलाचा आहे.

पावसाळ्यातील साठवण : दक्षिण कोकणात मासेमारीचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस संपतो व नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होतो. या मधल्या काळात दमट हवेने एंजिनाचे होणारे नुकसान कित्येकदा हंगामातील झिजेपेक्षा जास्त असते. एंजिन उतरविण्यापूर्वी ते गोड्या पाण्यात चालवून आतील मीठ धुऊन काढतात. शेवटी इंधननळी सुटी करून कार्ब्युरेटरमधील इंधन संपेपर्यंत चालवितात. गुडद्या काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे वंगणतेल सोडतात व दोरीने काही फेरे देतात. खालच्या दंतचक्रपेटीतील तेल वेगळ्या प्रकारचे असते. तेही या वेळी बदलावे. ते दुधाळ दिसल्यास पेटीत पाणी शिरले आहे असे समजावे. एंजिन उभे ठेवावे. टाकीत उरलेले मिश्रण पुढील हंगामासाठी राखून ठेवू नये.

पर्यावरणीय परिणाम : साध्या कार्ब्युरेटरच्या द्विधाव एंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच निष्कास द्वार उघडे असते. त्यामुळे सु. एक-चतुर्थांश इंधन न जळताच तेलासह बाहेर पडते. नौका-एंजिनात निष्कास वायू बहुधा पंख्याच्या मध्यभागातून पाण्याखाली सोडतात. म्हणून हे इंधन थेट पाण्यात मिसळते व पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. माशांची अंडी व डिंभ पुष्कळ वेळा पृष्ठभागालगतच तरंगत असल्याने तवंगाचा उपद्रव त्यांना अधिक पोहोचू शकतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळ व इतर सागरी जीव यांच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सु. २९ चौ. किमी. आहे. याच उथळ पाण्यात पर्यटकांच्या नौकांची मोठी वर्दळ असते. मासेमारांच्या दृष्टीनेही हा प्रश्न दूरचा नाही. सांडलेल्या तेलाचा वास लागलेली मासळी भावात मार खाते. यासाठी टाकी मासळीच्या टोपल्यांपासून दूर ठेवणे, मिश्रण किनाऱ्यावरच करणे व सांडलेले तेल पाण्यात न ढकलता फडक्याने टिपणे या साध्या गोष्टीही उपयुक्त ठरतात. अमेरिकेतील टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या द्विधाव एंजिनांना १९९९ पासून मनाई आहे.

चतुर्धाव एंजिने इंधन कमी घेतात, त्यांच्यात तेल मिसळावे लागत नाही व त्यांचा धूरही नगण्य असतो. त्यामुळे त्यांचा प्रसार वाढत आहे. एव्हिनरूड या सर्वांत जुन्या नाममुद्रेच्या एंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. तथापि पंधरा अश्वशक्तीचे द्विधाव एंजिन सु. ३५ ते ४० किग्रॅ. वजनाचे, तर तेवढ्याच शक्तीचे चतुर्धाव एंजिन सु. ५० किग्रॅ. वजनाचे असते. रेतीवरून एंजिन खांद्यावर वाहून नेणाऱ्यास हा फरक थोडा नाही. कमी वजन, मोजके भाग व गावातल्या गावात होणारी दुरुस्ती यांमुळे द्विधाव एंजिन लहान होड्यांवर टिकून राहिले आहे. तोवर योग्य तेल, अचूक माप व ताजे मिश्रण या तीन गोष्टींवरच त्याचे आयुष्य व होडीचे सुखरूप परतणे अवलंबून राहील.